पूर्वेस सालाफाई

२० जुलै २००३, रविवार

सालाफाईच्या निधनाला आज पंचेचाळीस दिवस झाले. तिच्या आजारपणात ही दैनंदिनी बंद पडली होती. आजपासून पुन्हा आरंभ करीत आहे. भूमापन खात्यात एकतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला, ज्या दिवसाची नोंद नाही तो दिवस झालाच नाही, असे वाटू लागते. हे पंचेचाळीस दिवस झालेच नसावेत, असे मला अनेकदा वाटले आहे.

तिची कबर घरासमोर, माझ्या दारापासून अकरा मीटरांवर आहे. अद्याप नुसता मातीचा उंचवटा, आणि भोवती समुद्रकाठचे पांढरे दगड. त्यावर काँक्रीटचा ओटा चढवायचा आहे. ते काम तिच्या थोरल्या भावाचे, म्हणजे कुळप्रमुख वाएलुपे यांचे.

माझी स्थिती एकदा स्पष्ट लिहून ठेवणे आवश्यक आहे. या गावातील जमीन कोणा एकाची नाही. ती कुळाची आहे. कुळप्रमुख ती राखतो, कोणी कोठे राहावे हे ठरवितो, परंतु विकू शकत नाही. घर मात्र बांधणाऱ्याचे. हे घर मी १९७४ साली माझ्या पगारातून बांधले. म्हणजे भिंती माझ्या, छप्पर माझे, आणि त्यांच्या खाली जे आहे ते माझे नाही. सालाफाई होती तोवर मी तिच्या हक्काच्या सावलीत उभा होतो. मूल असते, तर ते आईकडून या कुळाचे झाले असते आणि त्याच्या बापाला कोणी हलविले नसते. मूल झाले नाही.

सावाई बेटावरून माझ्या भावाचे पत्र आले आहे. रीतीप्रमाणे आता मी आमच्या गावी परतावे, असे तो लिहितो. पत्र प्रेमळ आहे. त्याला उत्तर दिलेले नाही. बोटीने दीड तास आणि पुढे बसने दोन तास: तेथून ही कबर दिसणार नाही.

२४ जुलै

सायंकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला की गावात कोणी रस्त्यावर येत नाही. कुत्रीसुद्धा बसून राहतात. त्या शांततेत आज आतल्या खोलीतून आवाज आला: केवड्याची पात शिंपल्याने खरवडण्याचा. खर्र, थांबणे, खर्र. हा आवाज मी एकोणतीस वर्षे ऐकला आहे. चूक होणे शक्य नाही.

आत गेलो. पेटीवर तिची अर्धवट राहिलेली चटई होती. ही बारीक विणीची, रेशमासारखी चटई; दोन वर्षे विणत होती, अजून हातभर राहिली आहे. न विणलेल्या पातींचा झुपका जमिनीवर लोंबत होता. तो उचलून पूर्ववत ठेवला. खोलीत कोणी नव्हते. खिडकी बंद होती.

कारण सापडले नाही, एवढीच नोंद.

२७ जुलै, रविवार

सकाळी पाहिले तो कबरीभोवतीचे दगड झाडलेले, पाचोळा काढलेला, उशाशी ताजी जास्वंद. मी झाडलेले नाही. दुपारी दारात केळीच्या पानाने झाकलेले ताट: भाजलेले अळूचे कंद, नारळाच्या दुधातली पाने, मासा. गेल्या रविवारीही होते. कोण ठेवते हे दिसत नाही. सालाफाई माझे ताट अशीच झाकीत असे, पानाचा देठ डावीकडे ठेवून.

देठ डावीकडेच होता.

अंत्यविधीपासून मी वाएलुपे यांच्याकडे रविवारच्या जेवणास गेलेलो नाही. पूर्वी सालाफाईबरोबर जात असे. आता मला कोणत्या नात्याने बोलावतात हे पाहणे योग्य होईल, असे ठरवून थांबलो आहे. आठ रविवार झाले, बोलावणे नाही. यातून काय समजायचे ते मी समजतो.

सायंकाळी सिएनीआत्या काठी टेकीत रस्त्याने चालली होती. ही सालाफाईची आत्या, ब्याऐंशी वर्षांची. कुंपणाशी थांबून मला आपादमस्तक न्याहाळू लागली.

"जावईबापू, उंची किती हो तुमची?"

"एक मीटर अठ्ठ्याऐंशी."

"मला नाही कळत ते. वाएलुपेपेक्षा उंच का?"

"अकरा सेंटीमीटरांनी."

"अगंबाई! आणि झोपताना पाय सरळ ठेवता की दुमडून?"

मी आत वळलो. वय झाले की माणसाचे भान सुटते.

२ ऑगस्ट, शनिवार

आज जे पाहिले ते क्रमाने लिहितो.

सकाळी वाएलुपे यांचे दोघे मुलगे आले. दोघेही चाळिशीचे, अंगाने रेड्यासारखे. मला हाक न मारता त्यांनी कबरीच्या लगत, पश्चिम बाजूस, चार खुंट्या ठोकल्या. मी पडवीतून विचारले, "हे काय चालले आहे?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याने पायाकडे पाहिले.

"काही नाही काका. बाबांनी सांगितलंय."

"काय सांगितले आहे?"

"ते बाबांनाच विचारा. आम्ही नुसते हातोडीवाले."

ते गेल्यावर मी फीत काढून मापे घेतली. दक्षिणोत्तर लांबी दोन मीटर तीस सेंटीमीटर. पूर्वपश्चिम रुंदी एक मीटर दहा. पूर्वेकडील दोन खुंट्या कबरीच्या कडेला अगदी चिकटून. वायव्येचा कोन काटकोन नाही, सुमारे तीन अंशांनी चुकला आहे. माझ्या दारातून कबरीकडे जाणारी पाऊलवाट नेमकी या चौकोनातून जाते.

दुकानाचा पाया इतका अरुंद नसतो. पाण्याची टाकी रस्त्यालगत कोणी बांधीत नाही. विचारांती एकच शक्यता उरते: माझी वाट तोडून कबर माझ्यापासून विलग करावयाची, हे भिंतीचे पहिले पाऊल आहे. आधी भिंत, नंतर निरोप.

खुंट्या उपटाव्यात असे मनात आले. परंतु दुसऱ्याने केलेली सीमाचिन्हे हलविणे हा गुन्हा आहे, हे मी स्वतः तीन पिढ्यांना शिकविले आहे.

५ ऑगस्ट

वाएलुपे रस्त्यात भेटले. खांद्यावर नारळांची कावड, कमरेला लुंगी, चेहरा नेहमीसारखा हसरा.

"काय दाजी, वाळलात की! जेवता का नुसते कागद चघळता?"

मी त्यांना खुंट्यांविषयी विचारले. हसू मावळले. कावड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली.

"त्या होय. ते… राहू द्या हो आत्ताच. बोलायची वेळ आली की बोलू."

"आपला हेतू जाणण्याचा मला अधिकार आहे."

"अधिकार!" ते समुद्राकडे पाहत म्हणाले. "दाजी, काही गोष्टी जितेपणी तोंडाने बोलू नयेत. अपशकुन असतो. ओटा घातला की कळेलच तुम्हाला."

कळेलच! हे वाक्य मी कार्यालयात असताना अनेक दुर्बळांच्या तोंडून ऐकले होते. बलिष्ठांनी त्यांना हेच सांगितलेले असे.

८ ऑगस्ट

आज पुन्हा खरवडण्याचा आवाज. या वेळी मी आत गेलो नाही. दाराशी उभा राहून म्हणालो, "सालाफाई, तुझा भाऊ मला येथून घालवू पाहतो आहे."

आवाज थांबला. नंतर पुन्हा सुरू झाला, थोडा जलद. एखाद्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करावयाचे असले म्हणजे ती असेच करीत असे.

११ ऑगस्ट, सोमवार

राजधानीस, आपियास जाऊन जमिनीच्या न्यायालयात अर्ज दाखल केला. मागणी एकच: अर्जदारास हयातभर सदर जागेवर राहण्याचा व पत्नीच्या कबरीपर्यंत विनाअडथळा जाण्यायेण्याचा हक्क असल्याचे जाहीर व्हावे, आणि कुळप्रमुख वाएलुपे यांस तेथे कोणतेही बांधकाम करण्यास मनाई व्हावी. सोबत घराच्या बांधकामाचे कागद, आणि मी स्वतः काढलेला नकाशा. खुंट्या लाल शाईने दाखविल्या आहेत.

खिडकीवरील लिपिक एके काळी माझ्या हाताखाली होता. अर्ज वाचून त्याने चष्मा काढला.

"सर, सासुरवाडीवर दावा? तुम्ही?"

"अर्ज स्वीकारा."

"स्वीकारतो हो. पण हा रकाना कोरा आहे. जमिनीशी नातं."

मी 'पती' असे लिहिले.

"सर," तो हळू म्हणाला, "हे मयताशी नातं झालं. जमिनीशी काय?"

रकाना तसाच ठेवला. नियमानुसार त्याने अर्ज अपूर्ण म्हणून परत करावयास हवा होता. त्याने केला नाही. मी त्याच्या जागी असतो तर केला असता.

१७ ऑगस्ट, रविवार

ताट होते. देठ डावीकडे. आज सोबत कोकोचा पेलाही होता, गरम.

मी सर्व खाल्ले. मग मनात आले की ज्याचे अन्न खातो त्याच्यावर माझा दावा आहे, की ज्याच्यावर दावा आहे तो हे अन्न पाठवीत नाही? कोण पाठविते याचा शोध मी घेत नाही. शोध घेतला तर ती येणार नाही, असे वाटते.

२ सप्टेंबर

न्यायालयाची सूचना आज सकाळी रेडिओवर वाचली गेली. पद्धत तशीच आहे, मला ठाऊक होती. तरीही आपले नाव त्या सपाट आवाजात ऐकणे निराळे. "अर्जदार एलिसाया, विरुद्ध कुळप्रमुख वाएलुपे." या गावात प्रत्येक घरात रेडिओ आहे आणि माझे सोडल्यास घरांना भिंती नाहीत. मी खाली उतरून रस्त्यावर आलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या खांबांच्या घरांतून माणसे माझ्याकडे पाहत होती.  दुकानदाराने पाव दिला आणि सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले.

४ सप्टेंबर

कबरीवर दोन दिवसांची पाने साचली आहेत. जास्वंद वाळून काळी पडली आहे.

म्हणजे ते झाडणारे हात सालाफाईचे नव्हते. हे वाक्य लिहावयास मला अर्धा तास लागला.

सायंकाळी शंख होण्यापूर्वी सिएनीआत्या आली. कुंपणाशी थांबली नाही. सरळ पडवीत येऊन बसली आणि काठी माझ्या पायांजवळ आपटली.

"मला वाचता येत नाही, पण रेडिओ ऐकू येतो! दावा लावलात? वाएलुपेवर?"

"त्यांनी मला भाग पाडले. ते कबर तोडून घेत आहेत."

"कोण तोडतंय? काय तोडतंय?"

मी नकाशा आणला. तिला नकाशा कळत नाही. मी लाल चौकोनावर बोट ठेवून मापे सांगितली. दोन तीस, एक दहा. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"अहो शहाणे, एकतीस वर्षं जमिनी मोजल्यात ना? उताणं माणूस किती लांब असतं, ते नाही कधी मोजलंत?"

मी नकाशावरून बोट उचलले.

"उंची कशाला विचारली होती मी तुमची? लुंगी शिवायला? वाएलुपेनं दोन मीटर धरले होते. मी म्हटलं, अरे, जावई ताडमाड आहे, पाय बाहेर येतील त्याचे! तर तीस वाढवले." तिने बाहीने नाक पुसले. "तुमची जागा आहे ती. तिच्या शेजारी. दोघांचा मिळून एकच ओटा घालायचा, म्हणून थांबलंय सगळं. इस्पितळात शेवटच्या दिवशी तिनं भावाचा हात धरून मागून घेतली. म्हणाली, याला सावाईला पाठवू नका, माझ्याजवळ ठेवा. तिथंही येऊन मोजत बसेल, पण येईल."

या कुळाच्या मातीत, माझ्या माहितीत, बाहेरून आलेला एकही जावई पुरलेला नाही. राहण्याची परवानगी काढून घेता येते. पुरलेल्या माणसाला कोणी उठवीत नाही. जमिनीवरचा याहून मोठा हक्क या बेटावर नाही, आणि मी त्याविरुद्ध मनाईहुकूम मागितला आहे.

"मला कोणी सांगितले का नाही?"

"जित्या माणसाला त्याचा खड्डा दाखवतात होय?"

"जेवणाचे बोलावणेही आले नाही."

"घरच्याला कुणी बोलावणं पाठवतं? तुमची चटई दर रविवारी अंथरलेली असते. तुम्ही येत नाही, मग ताट घेऊन मी येते. या गुडघ्यांनी." ती उठली. "आता नाही आणणार."

ती जाताना मी विचारले, "आणि आत्या, सायंकाळी आतल्या खोलीत येऊन पाती खरवडता, त्याही तुम्हीच का?"

ती पायरीवर थांबली. आतल्या दाराकडे पाहिले.

"मी सकाळची झाडायला यायची," ती म्हणाली. "शंखाच्या वेळी मी कधी घराबाहेर असते का?"

५ सप्टेंबर

आपियास जाऊन अर्ज मागे घेतला.  परंतु रेडिओवर वाचलेले मागे घेण्याचा कोणताही नमुना न्यायालयाकडे नाही. त्यासाठी आमच्याकडे एकच जुनी रीत आहे.

६ सप्टेंबर

अपराध्याने पहाटे दुखावलेल्याच्या दारासमोर जाऊन बसावे, डोक्यावरून उत्तम चटई पांघरून घ्यावी, आणि घरच्यांनी ती उचलेपर्यंत हलू नये. न उचलल्यास दिवसभर. पूर्वी चटईवर कुऱ्हाडही पडत असे. एकट्याने हे करीत नाहीत. सारे कुटुंब येऊन बसते. माझे कुटुंब घरासमोर पुरलेले आहे.

माझ्याकडे उत्तम चटई एकच होती, आणि ती अपुरी.

उजाडण्यापूर्वी वाएलुपे यांच्या घरासमोरच्या खडीवर गुडघे टेकले आणि चटई डोक्यावरून ओढली. न विणलेल्या पाती तोंडावर आल्या. तिच्या हाताचे खोबरेल अजून त्यांत आहे. विणीतून उजेड येऊ लागला तेव्हा मला पावले दिसली, आली, थांबली, गेली. कोंबडे आरवले. कोणी म्हणाले, "एकटाच आलाय." दुसरे कोणी म्हणाले, "बसू दे." गुडघ्यांखालील खडीचा एक एक खडा मला निराळा ओळखू येऊ लागला. ऊन चढले.

मग चटईची कड उचलली गेली. मला वाटले, संपले. परंतु कोणीतरी शेजारी बसत होते, कण्हत, काठी बाजूस टाकून.

"जावईबापू, सरका जरा. सगळी चटई एकट्यालाच?"

"आत्या, आपण दुखावलेल्या पक्षाच्या आहात. आपण येथे बसणे रीतीला धरून नाही."

"गप बसा."

घरातून वाएलुपे यांचा आवाज आला, प्रथमच. "आत्या! तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"सालाफाईच्या!" ती चटईतून ओरडली.

 मग जड पावले पायऱ्या उतरली. पाय माझ्यासमोर थांबले. चटई उचलली गेली आणि उजेडाने डोळे मिटले. त्यांनी ती हातात धरून फिरवून पाहिली, लोंबत्या पातींवर बोटे फिरविली.

"ही पुरी नाही झाली," वाएलुपे म्हणाले. 

"नाही."

"अपुरी चटई घेऊन कुणी माफी मागायला येतं का दाजी?"

"माझ्याकडे दुसरे काही नाही."

त्यांनी मला दंडाला धरून उठविले. माझे पाय उभे राहीनात. मी त्यांच्या खांद्यावर आलो. त्यांनी तसेच राहू दिले.

"गावापुढं नाव घालवलंत माझं. राग जाईल का एका दिवसात? नाही जायचा. पण जेवा आधी." मग घरात शिरता शिरता, माझ्याकडे न पाहता: "आणि त्या खुंट्या बघा एकदा. पोरांनी एक कोपरा वाकडा ठोकलाय म्हणे."

"तीन अंश," मी म्हणालो.

"बघा! मला ठाऊक होतं, मोजला असणार!"

चटई अंथरलेली होती. माझी जागा खांबाजवळ, पूर्वीचीच.

२० सप्टेंबर

काल वायव्येची खुंटी मी स्वतः सरळ केली. आज ओटा घातला गेला. दोघे मुलगे, वाएलुपे आणि मी. काँक्रीट ओले असताना वाएलुपे यांनी थापी माझ्या हाती दिली.

वाएलुपे अजून माझ्याशी पूर्वीसारखे हसत नाहीत. काल ते म्हणाले, "सहा महिने लागतील." मी नोंद घेतली आहे.

अर्धवट चटई पुन्हा पेटीवर ठेवली. सायंकाळी शंख झाला आणि आत खरवडणे सुरू झाले. मी उठलो नाही. पडवीत बसून खालील नोंद केली. हिला कोणत्याही कार्यालयात क्रमांक नाही.

जागेची लांबी दोन मीटर तीस, रुंदी एक मीटर दहा. मूळ हक्क कुळाचा. धारक एलिसाया, अद्याप ताब्यात नाही.

उत्तरेस, घर व त्याचे दार.
दक्षिणेस, रस्ता, त्यापलीकडे समुद्र.
पश्चिमेस, नीरफणसाचे झाड.
पूर्वेस, सालाफाई. या बाजूची सीमारेषा आखलेली नाही.